झाडाला साबण

या, अशा जवळ या. उभ्याने बोलू नका, मान वर करून बोलायला मला त्रास होतो. आणि आधी माझं जरा ओरडून होऊ दे, मग बाकीचं. तुम्ही मंडळी गॅदरिंगच्या आदल्या दिवशीच का हो उगवता? शाळेची तारीख महिनाभर आधी कळलेली असते. पोराला राम करायचा हेही घरात कधीचं ठरलेलं असतं. आणि माझ्या दुकानात तुम्ही येणार आदल्या दिवशी चार वाजता, घामाघूम होऊन. "काकू, काहीही द्या, पण रामाचं द्या!" काहीही दिलं तर राम कसा होईल, बाळांनो? मग रावणाचा कमरपट्टा बांधलेला राम स्टेजवर जातो, आणि त्याचे आजोबा व्हिडिओ बघून मला फोन करतात. असं करू नका. निदान यंदा तरी करू नका.

हं. झालं ओरडून. बसा आता, सांगते.

आमचं दुकान डोंबिवलीत, पूर्वेला. बाहेर पाटी आहे 'ड्रेपरी'. घोडबंदर रोडच्या टॉवरांतून येणारी नवी माणसं विचारतात, "पडदे शिवता का?" नाही हो. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे, नाचाचे, शोभायात्रेचे कपडे भाड्याने देणारं दुकान. शिवाजीचा जिरेटोप, झाशीच्या राणीचं पागोटं, दहा तोंडांचा रावण (त्यातली दोन तोंडं कल्याणला एका सोसायटीत राहिली ती आजवर परत आली नाहीत), भाजीवाली, पोलीस, चंद्र, फुलपाखरू. माणसाला जे व्हायचंय ते आमच्याकडे खुंटीला टांगलेलं असतं.

मी मूळची बाळकुमची. आता तिथे नुसती कॉम्प्लेक्स आहेत, आमच्या वेळी भातखाचरं होती. सातवीत शाळा सुटली आणि लग्न होऊन या कपड्यांच्या ढिगाऱ्यात येऊन पडले. शिवणक्लासचं तोंड मी पाहिलेलं नाही. सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो, त्यांनी एक जुना अंगरखा माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाले, "उसव." उसवला. म्हणाले, "आता होता तसा कर." चार दिवस लागले, पण केला. कुठलाही कपडा उसवला की तो कसा केलाय ते कळतं. तीच माझी शाळा, तेच माझं कॉलेज.

मामंजींचा एक नियम होता, तो मात्र त्यांनी शिकवला नाही, अंगात भिनवला. बाहेरून आलेला कपडा धुतल्याशिवाय खुंटीला लागायचा नाही. त्याला कारण होतं. भाड्याच्या कपड्यात घाम असतो, पावडर असते, दाढी चिकटवायचा डिंक असतो. एकदा एका हनुमानाच्या टोपातून आख्ख्या वानरसेनेला उवा झालेल्या. तेव्हापासून आमच्या घरात कपडा दारातून आत आला की हात आपोआप बादलीकडे जातो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझी खासियत सांगते. वल्कलं.

राम-सीता-लक्ष्मण वनवासाला निघतात तेव्हा राजवस्त्रं उतरवून झाडाच्या सालीचे कपडे नेसतात, ती वल्कलं. बाकीचे ड्रेपरीवाले काय करायचे, भगवं सुती कापड गुंडाळायचे आणि म्हणायचे झालं वल्कल. मला ते पटायचं नाही. भगवा रंग साधूचा. झाडाची साल भगवी असते का? मी गोणपाट आणलं. दोन दिवस पाण्यात ठेवून त्याचा वास घालवला, काथ आणि चहाच्या पाण्यात उकळलं, कडेचे धागे उपसून झिरमिळ्या काढल्या, ब्रशने सुरकुत्या रंगवल्या. लांबून काय दिसलं म्हणता! चिंचेच्या बुंध्याला हात-पाय फुटून तो चालत आल्यासारखं.

पहिला प्रयोग कल्याणला, एका सोसायटीच्या गणपतीत. भरतभेट. भरत रामाच्या पायावर डोकं ठेवून रडतोय, बायका पदर डोळ्यांना लावतायत, आणि मागे लक्ष्मण धनुष्याच्या टोकाने पाठ खाजवतोय. एकदा खाजवली, दोनदा खाजवली, मग पाठ फिरवून खांबालाच घासायला लागला. रडणाऱ्या बायका हसायला लागल्या, भरताला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. दुसऱ्या दिवशी तो लक्ष्मण दुकानात आला. बँकेत होता बिचारा. पाठभर लाल चट्टे. म्हणतो, "काकू, चौदा वर्षं कशी काढली असतील हो त्यांनी?"

त्यानंतर मी आतून मलमलचं अस्तर लावायला लागले. बाहेरून जंगल, आतून मलमल. ही युक्ती माझी, आणि तिचा मला अभिमान आहे. पुढे ठाण्याचे एक गृहस्थ आले, रिटायर झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा राम करणार होते. हळूच म्हणाले, "आत एक खिसा होईल का? दम्याचा पंप ठेवायचाय." वल्कलाला खिसाही शिवून दिला. वनवासात पंप लागला नाही, पण 'आहे' या धीरावर त्यांनी सगळे संवाद एका दमात म्हटले.

तर अशी मी वल्कलवाली काकू. आणि मनात पक्कं बसलेलं, की वल्कल म्हणजे खरखरीत, टोचणारं, शिक्षा म्हणून नेसायचं काहीतरी. खरं वल्कल मी बापजन्मात पाहिलेलं नव्हतं.

आता जी गोष्ट सांगायची ती इथून सुरू होते.

आमच्या दुकानात एक 'आदिवासी सेट' होता. सांगायला लाज वाटते, पण सांगते. हिरव्या प्लॅस्टिकच्या पानांचा घागरा, डोक्याला पिसांची पट्टी, थर्माकोलच्या हाडांची माळ, आणि सोबत काळ्या रंगाची बाटली. गॅदरिंगच्या मोसमात तो सेट एक दिवस घरी नसायचा. मी बाळकुमची, येऊरच्या डोंगरातल्या बायका लाकडाच्या मोळ्या घेऊन आमच्या दारात यायच्या. आखूड लुगडं, डोक्यावर चुंबळ, मोळी बांधलेली आपट्याच्या सालीच्या दोराने. आई तो दोर टाकून द्यायची नाही, विहिरीच्या कळशीला लावायची, इतका चिवट. हे सगळं डोळ्यांनी बघितलेलं. त्यांच्यापैकी एकीनेही कधी पानं नेसली नव्हती. तरी तीस वर्षं मी तो सेट भाड्याने दिला. डोळ्यांनी बघितलेलं एका खुंटीला आणि धंदा दुसऱ्या खुंटीला.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एका शाळेच्या टीचर चौथीतल्या बारा मुली घेऊन ट्रायलला आल्या. बरोबर आयाही होत्या. मुली घागरे घालून उड्या मारतायत, पानं सळसळतायत, दुकानात नुसता गोंधळ. त्यात एक आई उभी होती, शांत. खांद्याला ड्युटीची बॅग. नर्स आहे ती, ठाण्याच्या हॉस्पिटलात. नाव ओमना. तिची मुलगी नीतू घागरा घालून आरशासमोर उभी होती.

ओमना म्हणाली, "काकू, हे कोण आहे?"

"आदिवासी."

"कुठले?"

तीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "कुठले म्हणजे... जंगलातले."

"मी पण जंगलातलीच. आमच्याकडे असं कोणी नाही घालत."

टीचर हसून म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर केरळच्या ना?"

"केरळमध्ये पण आदिवासी असतात, मॅडम. डोंगरात. मी त्यातलीच."

टीचर गडबडल्या. वाईट बाई नव्हती हो, डोक्यावर गॅदरिंग होतं इतकंच. "नाही, सॉरी हां, पण पानं-पिसं नसली तर बघणाऱ्यांना कळणार कसं, आदिवासी आहेत म्हणून?"

तेवढ्यात आरशासमोरून नीतू बोलली. "टीचर, मी रोज वर्गात येते. तुम्हाला कळलं का?"

बाकीच्या आयांना एकदम मोबाईलमध्ये महत्त्वाचं काहीतरी दिसायला लागलं. मी नीतूच्या डोक्यावरची पिसांची पट्टी काढून हातात घेतली, आणि ती कुठे ठेवावी ते मला कळेना.

ओमना भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. ती जाताना म्हणाली, "उद्या मला सुट्टी आहे. आमच्याकडे काय घालायचे ते दाखवते तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी आली. हातात उशीचा अभ्रा. त्यातून तिने एक घडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

मी कपड्यातली बाई आहे. कपडा हातात आला की माझी बोटं आधी शिवण शोधतात, मग वीण शोधतात. इथे शिवण नव्हती, वीणही नव्हती. धागाच नव्हता. उसवायला काहीच नाही! कमी दुधाच्या चहासारखा रंग, म्हाताऱ्या माणसाच्या तळहातासारख्या बारीक सुरकुत्या, आणि मऊ. इतकं मऊ की मी गालाला लावलं. गार लागलं. आणि वास! चुलीचा धूर, खोबरेल तेल, आणखी काहीतरी, माणसाचं.

"ही साल आहे?" मी म्हटलं.

"झाडाची साल. आम्ही मरवुरी म्हणतो. माझ्या आईच्या आईची."

मग तिने सांगितलं ते असं. त्यांच्या डोंगरात एक उंच झाड असतं. त्याचा चीक विषारी, म्हणून काढणारा माणूस जाणता लागतो. एक ओंडका घ्यायचा, वरची खरखरीत साल खरवडायची, आणि आतल्या सालीवर लाकडाच्या मोगरीने ठोकत राहायचं. ठोकून ठोकून ती सैल होते आणि बाहीतून हात काढावा तशी ओंडक्यावरून निघून येते. मग ओढ्यात ठेवायची, परत ठोकायची, सुकवायची. ठोकताना ती रुंद होत जाते. हातभर साल अंगभर होते.

"आजी हेच नेसायची," ओमना म्हणाली. "छातीपासून गुडघ्यापर्यंत, खांद्यावर गाठ. पुरुष कमरेला. थंडीत हेच पांघरायचं. मग खालून व्यापारी यायला लागले. मध द्या, कापड घ्या. आई लहान होती तेव्हा घरात हे आणि बाजारात जायचं तर सुती. नदीपाशी थांबून बदलायचे सगळे. कोणी हसू नये म्हणून. पुढे झाड तोडायलाच बंदी आली. मी नेसली नाही कधी. मी यावर झोपली."

मला कैकेयी आठवली. तिने शिक्षा म्हणून दिलेली वल्कलं, आणि मी शिवलेली खाजरी गोणपाटं. ज्याला आम्ही वनवास म्हणत होतो तो कोणाचातरी घरचा कपडा होता, बाजारच्या सुतीपेक्षा मऊ.

मी म्हटलं, "ओमना, दोन दिवस ठेवतेस माझ्याकडे? बघून-बघून माझी वल्कलं सुधारते."

तिने सालीवर हात ठेवला. मग म्हणाली, "काकू, माझी बहीण शोभना आलीये माझ्याकडे बाळंतपणाला. नववा लागलाय. आईने तिच्याबरोबर ही साल पाठवली. आमच्या घरात बाळ झालं की घरच्या पहिल्या अंघोळीनंतर त्याला यावर ठेवतात. आजीची सगळी पोरं, आईची सगळी पोरं, मी, नीतू पण. दुसरी साल नाही आमच्याकडे. आता मिळत पण नाही."

"डोळ्यात तेल घालून सांभाळते," मी म्हटलं.

ती ठेवून गेली. आणि सांभाळली म्हणजे काय केलं माहितीये? सोमवारी दुपारी जेवण झालं, सून प्राजू ऑर्डरी घ्यायला बसली, आणि मी ती साल बघायला घेतली. बाहेरून आलेला कपडा. हात बादलीकडे गेला. शपथेवर सांगते, मी ठरवलं नव्हतं. गरम पाणी, धुण्याचा सोडा, साबण. पाणी तपकिरी झालं तर मला आनंदच झाला, म्हटलं बघा, किती वर्षांचा मळ! दोन पाणी काढली. मग दोन्ही टोकं धरली आणि रोजच्या सवयीने पीळ दिला.

कापड फाटल्याचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो. हा तसा नव्हता. भिजलेली पोळी तुटावी तसं झालं, म्हणजे आवाजच नाही. हातातला ताण एकदम गेला. उलगडून बघितलं तर मधोमध वीतभर फाटलेलं.

तिथे थांबायला हवं होतं. पण शिवणारीच्या हाताला सुई सुचते. सावलीत वाळू दिलं, कडा पापडासारख्या ताठ झाल्या, आणि मी बारीक सुईने रफू करायला बसले. धाग्याच्या कापडात सुई दोन धाग्यांच्या मधून जाते. इथे दोन धागे कुठे होते? प्रत्येक टाक्याला नवं भोक. पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग झाली, आणि धागा जरा ओढला की त्या रांगेवरून पुढे फाटत गेलं. वीतभराचं दोन वीत झालं.

प्राजूने येऊन माझा हातच धरला. "आई, थांबा. सुई ठेवा खाली."

मी ठेवली. आणि मग मनात जे आलं तेही सांगते, कारण इथवर आलात तर पूर्ण ऐका. मनात आलं, मागून मलमल लावू. त्याच रंगाची करू. घडी घालून अभ्र्यात ठेवून देऊ. कळणारसुद्धा नाही. आयुष्यभर दुसरं काय केलं मी? लांबून बरं दिसलं की झालं. मलमलचा तुकडा मी कापलादेखील. मग वाटलं, हे लांब बसून बघणाऱ्या प्रेक्षकासाठी नाही. यावर उघडं बाळ झोपणार आहे.

रिक्षा केली आणि ओमनाच्या घरी गेले. शोभना पाय पसरून शेंगा सोलत बसली होती, पोट एवढं मोठं. मी अभ्रा ओमनाच्या हातात दिला आणि म्हटलं, "धुतली गं मी. पिळली. आणि वर सुईही लावली."

तिने उलगडली. फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. नर्स जखम बघते तशी, चेहऱ्यावर काहीही न दाखवता. मग म्हणाली, "काकू, पेशंटला विचारल्याशिवाय सुई लावतात का?"

"नाही गं."

"मग?"

शोभनाच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. दोघी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या, शोभनाच्या डोळ्यांत पाणी आलं. ओमनाने फोन उचलला. त्यांच्या आईला लावला, अम्माला. तिकडे डोंगरात रेंज येते-जाते, तीनदा लावावा लागला. मी खुर्चीच्या कडेवर बसलेली. ओमना बोलत होती, मधे मधे 'काकू' ऐकू येत होतं, 'सोडा' ऐकू येत होतं. मग पलीकडून आवाज आला तो चक्क हसण्याचा. फोन कानापासून लांब होता तरी मला ऐकू आलं.

"काय म्हणतात?" मी घाबरत विचारलं.

ओमनाच्या तोंडावरसुद्धा आता थोडं हसू होतं. "म्हणते, झाडाला कोण साबण लावतं?"

मग अम्माने सांगितलं आणि ओमनाने मला मराठीत समजावलं. सुईचं नाव काढायचं नाही. साल शिवून झाली नव्हती, ठोकून झाली होती, तर दुरुस्तीही ठोकूनच. गार पाण्याने नुसती ओलावायची. दोन्ही कडा अर्धं बोट एकमेकींवर चढवायच्या, मधे तांदळाची पातळ पेज लावायची. जिथे भोकं पडली तिथे सालीच्याच टोकाचे तंतू खरवडून भरायचे. आणि लाकडाने ठोकायचं. जोरात नाही, पण न थांबता. वाळलं की परत ओलं करायचं, परत ठोकायचं. तीन दिवस.

ओमना म्हणाली, "मला येत नाही. मी कधी केलं नाही."

मी म्हटलं, "मलाही येत नाही. पण धोपटणं आहे माझ्याकडे."

मग तीन दिवस आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काय चाललं होतं बघा. जमिनीवर माझा चटणी वाटायचा दगडी पाटा, त्यावर ओली साल, आणि आम्ही दोघी समोरासमोर. एक मी, ज्या धोपटण्याने आजवर हजारो कपडे धुतले ते घेऊन, आणि एक ओमना, पोळपाटाचं लाटणं घेऊन. ती ड्युटीवरून सुटली की थेट यायची. ठक, ठक, ठक. वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. "काकू, चटणी वाटताय की भिंत पाडताय?"

"झाड शिवतोय," मी म्हटलं. ते दोन मिनिटं बघत राहिले आणि वर गेले. नंतर म्हणे बायकोला म्हणाले, वयाने होतं असं.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. वाळलं आणि कडा सुटल्या. दुसऱ्या दिवशी तशाच. ओमना लाटणं ठेवून भिंतीला टेकली आणि म्हणाली, "शोभनाला सांगायला लागेल, जमलं नाही म्हणून." मी म्हटलं, "अम्माने तीन दिवस सांगितलेत ना? मग उद्या संध्याकाळपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही." तिसऱ्या दिवशी ठोकता ठोकता माझ्या हाताखाली काहीतरी बदललं. आधी दोन पदर घसरत होते, आता एकच जाड पदर लागला. तंतू एकमेकांत शिरले होते. वाळवून हलकंसं ताणून बघितलं. धरलं! कणकेची घडी दाबावी तशी एक दाट रेघ मधोमध राहिली, पण धरलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून वेड्यासारख्या हसलो. हात दोन दिवस वर होईनात ते सोडा.

ठोकता ठोकता गॅदरिंगचाही निकाल लागला. मी टीचरना फोन करून सांगितलं, तो सेट मिळणार नाही. "काकू, तीन दिवसांवर आलंय!" त्या किंचाळल्या. मी म्हटलं, ओरडायचं काम माझं, तुम्ही ऐका. जुन्या लुगड्यांचे बारा तुकडे काढले, येऊरच्या बायका नेसायच्या तशी आखूड नेसवली, केसांत खरी फुलं. काळा रंग नाही, हाडं नाहीत. नाच कुठला आहे ते नाव घेऊन सांगायला लावलं. मुली छान नाचल्या. कोणाला काही 'कळलं' नाही असं झालं नाही. तो पानांचा सेट मी भंगारात दिला. पिसं प्राजूने धूळ झटकायला ठेवलीत, ती कामाची निघाली.

पण माझा जीव टांगणीला होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. अम्मा येणार होती. जोड तिने बघायचा बाकी होता. तिने नको म्हटलं असतं तर बाळाला कशावर ठेवणार होते?

जानेवारीत शोभनाला मुलगा झाला. हॉस्पिटलातून घरी आली त्या दिवशी ओमनाने मला बोलावलं. अम्मा आली होती. चणीने लहान, काळीसावळी, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी, आणि डोळे असे की त्यांच्यासमोर खोटं बोलायची सोय नाही. बाळाची अंघोळ चालली होती, तो घर डोक्यावर घेत होता. अम्माने साल उचलली, खिडकीपाशी नेली आणि उजेडासमोर धरली. ती दाट रेघ उजेडात स्पष्ट दिसली. तिने अंगठ्याने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. मग ओमनाला काहीतरी म्हणाली.

"काय?" मी विचारलं.

"म्हणते, इथे जरा जास्त जोरात ठोकलंय. पण धरेल."

तेवढ्यावर मी सुटायला हवी होती. पण अम्माने मग ती साल नाकाशी नेली. डोळे मिटून वास घेतला. एकदा, परत एकदा. आणि मला कळलं मी काय धुतलं ते. फाटलेलं जोडता आलं. पण तिच्या आईच्या चुलीचा धूर, तिच्या भावंडांचं तेल, ते सगळं मी सोडा घालून दोन पाण्यांत डोंबिवलीच्या गटारात सोडून दिलं होतं. तेच ते तपकिरी पाणी, जे बघून मला आनंद झाला होता. त्याला कुठलं धोपटणं?

मी हात जोडले. म्हटलं, "अम्मा, वास गेला. माझ्यामुळे गेला." तिला मराठी येत नव्हतं, पण तिला कळलं. तिने साल जमिनीवर अंथरली, जोडाची बाजू पायाशी केली, ओमनाच्या हातातून ते ओलं, लाल, ओरडणारं गाठोडं घेतलं आणि त्यावर ठेवलं. बाळ ओरडायचं थांबलं. गार लागलं असेल पाठीला. मग त्याने दोन्ही पाय झाडले, बरोब्बर माझ्या जोडावर. एकदा, दोनदा, दहा वेळा. जोडाने धरलं.

आणि मग त्याने जे करायचं ते केलं. कारंजं थेट सालीवर. शोभना "अय्यो" म्हणत पुढे झाली, मी सवयीने बादली शोधायला उठले. अम्माने माझा हात धरून मला खाली बसवलं, आणि हसत हसत दोनच वाक्यं बोलली. ओमनाने सांगितली.

"म्हणते, बस. वास येईल परत, आता पोरगा आहे ना."

तो पोरगा आता दोन वर्षांचा होत आला. उन्हाळ्यात शोभना त्याला घेऊन येते ओमनाकडे, तेव्हा त्याच्याबरोबर ती सालही येते माझ्या दुकानात. मी वास घेऊन बघते. चुलीचा नाही, पण काहीतरी यायला लागलंय.

माझी वल्कलं मात्र अजून गोणपाटाचीच आहेत, आत मलमल आहे, सांगाल तर खिसाही आहे. फक्त आता कोणी राम न्यायला आला की त्याला बसवून आधी सांगते, खरं वल्कल टोचत नाही, चेहऱ्यावर दुःख आणायचं असेल तर दुसऱ्या कारणाने आण. तर या एकदा दुकानात. मे महिन्यात आलात तर शोभना आणि ते पोर असण्याचा संभव आहे, हात धुऊन त्या सालीला हात लावून बघा. चहा टाकते, पाटा दाखवते, धोपटणं दाखवते. लवकर या हां. आणि देवाशप्पथ, गॅदरिंगच्या आदल्या दिवशी नको.